सोने घ्यावे, पण कोणते? दागिना, वेढणी की नाणे

गेल्या महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावातून आमच्याकडे पत्र आले. लिहिणारे गृहस्थ एस.टी.च्या सेवेतून निवृत्त झाले आहेत. फंड व ग्रॅच्युइटीतून घराचे देणे फेडल्यावर त्यांच्या हाती सहा लाख रुपये उरले. मुलीचा निकाह दोन-तीन वर्षांत करावयाचा आहे. ते लिहितात, "पत्नीचे म्हणणे, हार व बांगड्या आताच घेऊन ठेवाव्यात. मुलगा कुवेतला असतो, तो म्हणतो की दागिने नकोत, नाणी घ्या. धाकट्या भावाचा आग्रह सराफाच्या मासिक योजनेचा, कारण एक हप्ता फुकट मिळतो. बँकेत मुदत ठेव ठेवून व्याज घेण्याची आमची इच्छा नाही. सहाही लाखांचे सोने घ्यावे काय? आपण मार्गदर्शन करावे."

ही अडचण एकट्या या गृहस्थांची नाही. व्याज नको असणाऱ्या घरात शिल्लक पैसा आला की पहिली नजर जमिनीकडे आणि दुसरी सोन्याकडे जाते. जमिनीला पैसा पुरत नाही, म्हणून सोने. परंतु सोने घेतले म्हणजे पैसा सुरक्षित झाला, असे समजून पुष्कळ लोक दुकानात शिरतात आणि पायरी उतरतानाच पैशाचा सहावा हिस्सा दुकानात सोडून येतात. तो कसा, हे आपण आधी पाहू.

भाव कुठून येतो

सोन्याचा भाव आपल्या गावात ठरत नाही. जगाच्या बाजारात तो औंसाला डॉलरमध्ये बोलला जातो. एक औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. त्याला त्या दिवशीचा डॉलरचा दर लावावयाचा, त्यावर आयात शुल्क चढवावयाचे, म्हणजे मुंबईच्या झवेरी बाजारातील भावाचा अंदाज येतो. याचा अर्थ असा की भाव तीन कारणांनी हलतो: जगात सोने चढले-उतरले, रुपया पडला किंवा सावरला, आणि सरकारने शुल्क बदलले. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले, त्या एका दिवसात १० ग्रॅममागे सुमारे चार हजार रुपये उतरले. आदल्या दिवशी ज्यांनी खरेदी केली त्यांची काही चूक नव्हती, पण फटका बसला.

"सोने कधी पडत नाही" हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. ते खरे नाही. जानेवारी १९८० मध्ये लंडनच्या बाजारात औंसाला ८५० डॉलर भाव झाला होता. १९९९ साली तो २५२ डॉलरच्या आसपास आला. पुन्हा ८५० डॉलर दिसावयास जानेवारी २००८ उजाडले. म्हणजे डॉलरच्या हिशेबाने २८ वर्षे वाट पाहावी लागली. आपल्याकडे ही घसरण तेवढी जाणवली नाही, कारण याच काळात डॉलर आठ रुपयांवरून चाळीस रुपयांच्या घरात गेला. विनिमय दराच्या हिशेबानेच ८५० डॉलरचे रुपये सुमारे पाचपट झाले. आपल्या आजीच्या पाटल्यांची किंमत वाढली असे आपण म्हणतो, त्यात मोठा वाटा रुपयाच्या घसरणीचा आहे.

रुपयातही कोरडी वर्षे आली. ऑगस्ट २०१३ मध्ये १० ग्रॅमचा भाव ३४ हजारांच्या घरात गेला होता. २०१५ च्या अखेरीस तो २५ हजारांजवळ आला, आणि ३४-३५ हजार पुन्हा पाहण्यास २०१९ चा पावसाळा यावा लागला. सहा वर्षांत एक पैसा वाढ नाही. पुढे मात्र भाव असा धावला की २०२५ च्या एप्रिलमध्ये १० ग्रॅमने लाखाची रेषा ओलांडली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात जगाच्या बाजारात ४ हजार डॉलरचा आकडा मागे पडला. अशा धावत्या वर्षांचे आकडे पाहून जो खरेदीस निघतो, त्याने २०१३ चे साल विसरू नये. दोन-तीन वर्षांत ज्या पैशाचे काम ठरलेले आहे, तो सगळा पैसा सोन्यात घालणे म्हणूनच धोक्याचे आहे.

दागिन्याचा हिशेब

आता दुकानात जाऊ. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून २४ कॅरेटचा भाव १० ग्रॅमला एक लाख रुपये धरतो. प्रत्यक्ष भाव वाचकांनी त्या दिवशीच्या फलकावर पाहावा. टक्केवारी तीच राहील.

२२ कॅरेटचा ३० ग्रॅमचा हार घेतला. २२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग चोख सोने. सोन्याची किंमत झाली २,७४,८००. घडणावळ १४ टक्के धरली तर ३८,४७२. दोन्ही मिळून ३,१३,२७२. त्यावर ३ टक्के जीएसटी, ९,३९८. एकूण ३,२२,६७० रुपये मोजून आपण बाहेर आलो. शिक्क्याचा किरकोळ आकार वेगळा.

समजा, दुसऱ्याच दिवशी अडचण आली व हार मोडावा लागला. घडणावळ परत मिळत नाही. जीएसटी परत मिळत नाही. सराफ सोन्याचे वजन धरतो व त्यातून दोन टक्के घट कापतो. हाती येतात २,६९,३०४ रुपये. एका रात्रीत ५३,३६६ रुपये गेले, आणि भाव जागचा हलला नाही. हा हार "आल्या किमतीला" विकला जावा यासाठी भाव आधी जवळजवळ २० टक्के चढला पाहिजे. नक्षीकाम बारीक असेल तर घडणावळ याहूनही अधिक असते.

आता २४ कॅरेटचे २० ग्रॅमचे नाणे घेऊ. सोने दोन लाखांचे, वर दोन टक्के नाण्याचा आकार म्हणजे ४,०००, त्यावर जीएसटी ६,१२०. एकूण २,१०,१२०. विकताना एक टक्का कापला तर १,९८,००० मिळतील. इथे भाव सहा टक्के चढला की मुद्दल सुटते. हारासाठी वीस टक्के आणि नाण्यासाठी सहा, हा फरक ज्याच्या लक्षात आला त्याला निम्मा विषय समजला.

याचा अर्थ दागिना घेऊच नये असा नाही. दागिना अंगावर घालण्यासाठी असतो, आणि घडणावळ हे त्या हौसेचे मोल आहे. शिवलेल्या कपड्याची शिलाई आपण परत मागत नाही. तक्रार एवढीच की लोक हौस करतात व तिला बचत म्हणतात.

बचतीसाठी आपल्याकडे जुनी माणसे वेढणी घेत असत. चोख सोन्याच्या तारेचे साधे वळे, घडणावळ नावापुरती. आजही सराफकट्ट्यावर वेढणी मिळते व ती नाण्याइतकीच किफायतशीर पडते, मात्र तिच्यावर शुद्धतेचा छाप आहे का ते पाहून घ्यावे. नाणे घ्यावयाचे तर बंद पाकिटातले, शुद्धता व वजन छापलेले घ्यावे, आणि ते पाकीट फोडू नये. फोडले की पुन्हा कस लावण्याची पाळी येते. फार लहान नाणी घेऊ नयेत, कारण एक ग्रॅमच्या नाण्यावर आकार चढा असतो. फार मोठीही नकोत. ५० ग्रॅमचा एकच तुकडा असेल आणि गरज पन्नास हजारांची असेल, तर तो अर्धा कापून देता येत नाही. पाच व दहा ग्रॅमची नाणी सर्वसामान्य कुटुंबास सोयीची.

बँकाही सोन्याची नाणी विकतात. परंतु विकलेले नाणे बँक परत घेत नाही, हे काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही. शेवटी ते नाणे घेऊन सराफाकडेच जावे लागते.

कस

आमच्या घरातली एक गोष्ट इथे सांगतो. २०१४ साली आमच्या वालिदांचे हृदयाचे ऑपरेशन ठरले आणि आमच्या वालिदांच्या आईच्या, म्हणजे दादीच्या, पाटल्या मोडण्याची वेळ आली. जोडीचे वजन ६० ग्रॅम. घरात सर्वांना ठाऊक होते की पाटल्या "बावीस कॅरेटच्या" आहेत. पावती नव्हती. दादीने ज्या दुकानातून त्या घेतल्या ते दुकानही राहिले नव्हते. सराफाने आमच्या समोर आटणी केली आणि टंच काढला, तो ७८ निघाला. बावीस कॅरेट असते तर त्यात ५५ ग्रॅमच्या जवळ चोख सोने निघावयास हवे होते. निघाले ४७ ग्रॅमच्या आत. आठ ग्रॅमचा फरक, त्या वेळच्या भावाने सुमारे २३ हजार रुपये. इस्पितळात पैसे भरावयाचे होते, वाद घालण्यास वेळ नव्हता आणि वाद घालावयाचा तरी कोणाशी? दादी चाळीस वर्षे त्या पाटल्यांवर विसंबून होती.

तेव्हा शिक्क्याची पद्धत नव्हती. सोने जोडताना टाका लावतात, त्या टाक्यात हिणकस धातू अधिक असतो, त्यामुळे दागिना जितका जोडकामाचा तितका आटवल्यावर कस खाली येतो. बोरमाळ, ठुशी, कोल्हापुरी साज यांसारख्या दागिन्यांत मण्यांच्या आत लाख भरलेली असते. तिचे वजन सोन्यात धरले जाऊ नये. खडे, मोती, मीना यांचेही तसेच. म्हणून पावतीवर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचे वजन अशी दोन्ही वजने वेगवेगळी लिहून घ्यावीत.

आता परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. भारतीय मानक ब्युरोची हॉलमार्क योजना २००० साली सुरू झाली, ती ऐच्छिक होती. जून २०२१ पासून ती जिल्ह्या-जिल्ह्यांत टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली, आणि १ एप्रिल २०२३ पासून शिक्का सक्तीच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असल्याशिवाय तो विकता येत नाही. तीन खुणा पाहावयाच्या: ब्युरोचा त्रिकोणी शिक्का, कॅरेट व शुद्धता (उदा. २२ के ९१६), आणि हा सहा अंकी-अक्षरी क्रमांक. ब्युरोच्या बीआयएस केअर नावाच्या मोबाइल ॲपमध्ये तो क्रमांक घातला की दागिना कोणत्या केंद्रात तपासला, तो कोणत्या प्रकारचा आहे, शुद्धता किती, ही माहिती समोर येते. पडद्यावर "अंगठी" दिसते आणि हातात बांगडी असेल, तर काय समजावयाचे ते सांगावयास नको. दुकानात उभे असतानाच पाहावे. सराफ चांगला असेल तर तो स्वतःच भिंग पुढे करतो.

दोन ग्रॅमच्या आतील दागिन्यांना तसेच कुंदन, पोलकी व जडाव कामास ही सक्ती लागू नाही. निकाहाच्या खरेदीत नेमके हेच दागिने अधिक असतात, तेव्हा तिथे डोळे उघडे ठेवावेत. आणि "केडीएम आहे, काळजी नको" असे जुने वाक्य कोणी ऐकवले तर ते शुद्धतेचे प्रमाणपत्र नव्हे. केडीएम म्हणजे कॅडमियमचा टाका. त्याचा धूर कारागिराच्या फुप्फुसांस घातक असल्याने ब्युरोने तो वर्ज्य केला आहे.

घरात जुने बिनशिक्क्याचे दागिने असतील तर घाबरण्याचे कारण नाही. ते ठेवता येतात, विकताही येतात. सक्ती विकणाऱ्या सराफावर आहे, घरच्या स्त्रियांवर नाही. मोडण्यापूर्वी मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात अल्प फी भरून कस पाहून घ्यावा व तो कागद घेऊन सराफाकडे जावे. मग बोलणे बरोबरीने होते. गलाईचा धंदा भारतभर पसरवणारी माणसे आपल्याच सांगली जिल्ह्यातील, विटा-खानापूर-आटपाडी भागातील आहेत. दूरच्या शहरात सोने मोडावयाचे झाले तर तिथल्या सराफकट्ट्यावर मराठी बोलणारा गलाईवाला बहुधा भेटतोच.

तोळ्याचा घोळ

आपल्या वडीलधाऱ्यांचा तोळा ११.६६४ ग्रॅमचा होता. बारा मासे म्हणजे एक तोळा, आठ गुंजा म्हणजे एक मासा. आज दुकानदार १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात. आखाती देशांतून पूर्वी येणारे दहा तोळ्यांचे बिस्कीट ११६.६४ ग्रॅमचे असे, ते जुन्या तोळ्याने.

हा फरक किरकोळ वाटतो, पण त्यावरून घरे भांडली आहेत. निकाहनाम्यात "महर दोन तोळे सोने" एवढेच लिहिलेले असते. दोन तोळे म्हणजे २० ग्रॅम की २३.३३? चोख की बावीस कॅरेट? नाणे की दागिना, आणि दागिना असेल तर घडणावळ कोणाची? सर्व काही गोड असते तोपर्यंत कोणी विचारत नाही. आमची काझी साहेबांना व दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना विनंती आहे की महर सोन्यात ठरला तर तो ग्रॅममध्ये व कॅरेटसह लिहावा. एका ओळीचे काम आहे.

जकातीच्या हिशेबातही हाच घोळ होतो. साडेसात तोळ्यांचा निसाब जुन्या तोळ्याने आहे, म्हणजे ८७.४८ ग्रॅम (काही आलिम ८५ ग्रॅम धरतात). "आमच्याकडे आठ तोळे आहेत" असे म्हणणाऱ्याकडे प्रत्यक्षात ८० ग्रॅम असतात. मात्र सोन्याबरोबर रोकड किंवा चांदी असेल तर हनफी मतानुसार चांदीचा निसाब, ६१२.३६ ग्रॅम, लागतो व तो पैशाच्या हिशेबाने फार खाली आहे. म्हणून केवळ ग्रॅम मोजून स्वतःला मोकळे समजू नये.

वापरातील दागिन्यांच्या बाबतीत मतभेद आहे. हनफी मतात त्यांवरही जकात आहे. शाफई मतात, ज्यावर आपले बहुसंख्य कोकणी बांधव चालतात, स्त्रीच्या नेहमीच्या वापरातील दागिन्यांवर ती नाही. परंतु नाणे, वेढणी किंवा लगड, म्हणजे साठवून ठेवलेले सोने, दोन्हीकडे जकातीत येते. त्याचा आर्थिक अर्थ ध्यानात घेण्यासारखा आहे. एखाद्याकडे १०० ग्रॅम चोख सोने आहे आणि त्याने दरवर्षी अडीच टक्के त्यातूनच दिले, तर सहाव्या वर्षी ते ८७.४८ ग्रॅमच्या खाली येते. पडून राहिलेले सोने स्वतः काही कमावत नाही. भाडे देत नाही, नफा देत नाही, पिल्ले घालत नाही. दुकानात किंवा भागीदारीत लावलेला पैसा जकात देऊनही वाढू शकतो. सोने टिकवण्यासाठी असते, वाढवण्यासाठी नव्हे, असे आमचे मत आहे.

हप्ता, अदलाबदल आणि तारण

धाकट्या भावाने सुचवलेल्या मासिक योजनेबद्दल. अशा योजना अकरा महिन्यांच्याच का असतात? कारण कंपनी कायद्याच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालात वळवावी लागते, नाहीतर ती ठेव ठरते. या मुदतीत आपला पैसा सराफाकडे बिनतारण असतो. दुकान बुडाले तर आपण रांगेत सर्वांत शेवटी. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत मोठ्या झगमगाटाच्या पेढ्या रातोरात बंद झाल्या व हजारो गृहिणींचे हप्ते त्यांत गेले, हे वाचकांना ठाऊक आहे. शिवाय "एक हप्ता फुकट" हा पैसा आगाऊ दिल्याबद्दल मिळतो. तो घ्यावा की नाही हे आपल्या आलिमांना विचारावे. बरीच ठिकाणी योजनेतून नाणे मिळत नाही, दागिनाच घ्यावा लागतो, म्हणजे फुकटचा हप्ता घडणावळीत परत जातो. त्यापेक्षा दरमहा तेवढी रक्कम घरात बाजूला काढून दर तीन-चार महिन्यांनी पाच ग्रॅमचे नाणे रोखीने घ्यावे. सोने हातात, पैसा हातात, मध्ये कोणी नाही.

जुना दागिना देऊन नवा घेताना आपल्याकडे सरसकट एकाच पावतीवर अदलाबदल होते: ४० ग्रॅम जुने दिले, ३४ ग्रॅम नवे घेतले, बाकी घडणावळीत वळती. सोन्याच्या बदल्यात सोने असेल तर वजन बरोबरीचे व व्यवहार हातोहात असावा, हा शरीअतचा नियम अनेकांच्या लक्षात राहत नाही. मार्ग सोपा आहे. जुना दागिना आधी विकावा, पैसे ताब्यात घ्यावेत (मोठी रक्कम सराफ सहसा बँकेत जमा करतात), मग त्या पैशाने नवा घ्यावा. यात दुनियेचाही फायदा आहे. दोन वेगळ्या पावत्या झाल्या की जुन्यात किती घट कापली आणि नव्यात किती घडणावळ लावली, हे दोन्ही आकडे उघडे पडतात. एका पावतीत ते एकमेकांच्या आड लपतात. पैसे हातात आल्यावर आपण शेजारच्या दुकानातही जाऊ शकतो.

उधारीवर किंवा क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर सोने घेण्याविषयी लिहावयास नको. मोबाइलवर एक-एक रुपयाचे "डिजिटल सोने" विकले जाते, त्याबाबत नोव्हेंबर २०२५ मध्ये सेबीनेच इशारा दिला की हा व्यवहार तिच्या देखरेखीखाली येत नाही. सरकारी सुवर्ण रोखे २०१५ पासून निघत होते, त्यांवर अडीच टक्के व्याज होते. फेब्रुवारी २०२४ नंतर नवे रोखे निघालेले नाहीत, म्हणून तो प्रश्न सध्या मिटला आहे.

सोने घरातून जाण्याचा सर्वांत मोठा रस्ता चोरी हा नाही, तारण हा आहे. वीस टक्क्यांपर्यंत व्याज चढते, मुदत टळते, लिलावाची नोटीस येते आणि लाखाचा दागिना साठ हजारांच्या कर्जात जातो. काही शहरांत सोने ठेवून बिनव्याजी कर्ज देणाऱ्या संस्था आहेत, त्यांचा शोध घ्यावा. त्या नसतील तर एक नाणे विकून टाकणे हे हार गहाण टाकण्यापेक्षा बरे. लहान नाणी घ्या असे आम्ही म्हणतो, त्याचे हेही एक कारण.

कायदा व कागद

आज नाणे किंवा लगड बाळगण्यास मनाई नाही, पण ही मोकळीक जुनी नाही. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आले, नव्या दागिन्यांस १४ कॅरेटची मर्यादा घातली गेली व सोनारांचा धंदा देशोधडीला लागला. पुढे १९६८ च्या कायद्याने सामान्य माणसास लगड बाळगण्यास बंदी राहिली. तो कायदा १९९० साली रद्द झाला. त्या वेळी अर्थमंत्री होते मधु दंडवते, आमच्या पत्रलेखकांच्या शेजारच्याच राजापूर मतदारसंघाचे खासदार.

आता सोने किती ठेवावे यास मर्यादा नाही. ते कोठून आले हे सांगता आले पाहिजे. "विवाहितेस ५०० ग्रॅम, अविवाहितेस २५०, पुरुषास १०० ग्रॅमची सूट" असे सर्वत्र बोलले जाते. ते मे १९९४ चे प्राप्तिकर खात्याचे परिपत्रक आहे व त्याचा अर्थ एवढाच की झडतीत तेवढे दागिने जप्त करू नयेत. ती मालकीची मर्यादाही नव्हे आणि हिशेबातून माफीही नव्हे. दोन लाखांवरील खरेदीस पॅन द्यावा लागतो, आणि दोन लाख किंवा अधिक रोख घेणे दुकानदारास मना आहे. जुलै २०२४ पासूनच्या नियमांनुसार दोन वर्षांहून अधिक ठेवलेले सोने विकल्यास नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. खरेदीची पावती नसेल तर नफा दाखवावयाचा कसा? कर वाचवण्यासाठी बिनपावतीचे सोने घेणारा तीन टक्के वाचवतो आणि विकताना कस, वजन व किंमत या तिन्ही बाबतींत सराफाच्या शब्दावर राहतो.

बँकेच्या लॉकरबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम जानेवारी २०२२ पासून लागू आहेत. आग, चोरी वा कर्मचाऱ्याची लबाडी यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट एवढीच. भाडे दोन हजार असेल तर दोन लाख. पूर-भूकंपात तीही नाही. चिपळूणकरांनी जुलै २०२१ चा पूर पाहिला आहे. लॉकर घ्यावा, पण शक्य तर वरच्या कप्प्याचा, व कागद प्लास्टिकमध्ये.

पत्राचे उत्तर

आता आमच्या पत्रलेखक बंधूंस. पत्नी आणि मुलगा दोघांचेही बरोबर आहे, फक्त दोन वेगळ्या पैशांबद्दल. जो हार व ज्या बांगड्या मुलगी निश्चितपणे घालणार आहे, त्या आताच घेण्यास हरकत नाही. आधी नाणे घेऊन मग ते मोडून दागिना करणे म्हणजे दोनदा खर्च. पण त्या तिला दाखवून, तिच्या पसंतीच्या व कमी घडणावळीच्या घ्याव्यात. या कामी दोन लाखांच्या वर जाऊ नये. दीड लाखाची पाच-दहा ग्रॅमची नाणी, तीही एकदम नव्हे, आठ-दहा महिन्यांत चार वेळा मिळून. उरलेले अडीच लाख सोन्यात घालू नयेत. निकाहाचा रोख खर्च त्यातूनच व्हावयाचा आहे, आणि आपल्या वयात दवाखाना वेळ सांगून येत नाही.

एक गोष्ट विशेष लिहितो. दागिने "मुलीसाठी" घेऊन आपल्याच कपाटात ठेवले, तर ते आपलेच राहतात. हिबा पुरा होण्यासाठी ताबा द्यावा लागतो. ताबा दिला नाही, तर त्यांच्या जकातीची जबाबदारी आपली, आणि उद्या आपले काही झाले तर ते वारसांत वाटले जातील. मुलगी सज्ञान आहे. तिला द्यावयाचे असेल तर तिच्या हाती द्यावे, लॉकर तिच्या नावे किंवा तिच्यासह घ्यावा आणि एका कागदावर तारीख, वजन, कॅरेट व ओळख क्रमांक लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. स्वतःजवळ ठेवावयाचे असेल तर तसे घरात स्पष्ट सांगावे.

कुवेतहून मुलाने सोने आणावे काय, असे आपण ताज्या पत्रात विचारले आहे. एक वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्या पुरुषास २० ग्रॅम व स्त्रीस ४० ग्रॅम दागिने शुल्काविना आणता येतात. ही सवलत दागिन्यांना आहे, नाण्यांना व बिस्किटांना नाही. मुलाने २० ग्रॅमची साखळी आणावी, तिकडच्या दुकानाची पावती खिशात ठेवावी, आणि त्याहून एक ग्रॅमही अधिक असेल तर लाल मार्गिकेतून येऊन शुल्क भरावे. सुनबाई बरोबर येत असतील व त्यांनाही तिकडे वर्ष झाले असेल, तर बांगड्या त्यांच्या हाती घालून आणाव्यात.